आकडा सांगण्याआधी

काल नेक्स मॉलमधून घरी येताना तू म्हणालीस, "मावशी, त्या गोदामवाल्यांना सॉफ्टवेअरचा आकडा उद्यापर्यंत हवाय." तेव्हापासून माझ्या डोक्यात तेच आहे. सिंगापूरचा पीआर मिळाल्यावरच नोकरी सोडलीस, हे फार शहाणपणाचं केलंस, कारण वर्क पासवर असताना मालकाखेरीज दुसऱ्याचं काम घेता येत नाही. पण उद्या आकडा द्यायचा नाही. उद्या फक्त एवढंच सांगायचं की मला एक दिवस तुमच्या गोदामात बसू द्या.

हे मी पैसे घालवून शिकले आहे. २००९ साली सेरंगून स्टेशनच्या सरकत्या जिन्यावर उभी असताना एका मालवाहतूकवाल्यांनी फोनवर विचारलं, "साधारण किती?" मी म्हटलं, सहा हजार डॉलर. नंतर कळलं की त्यांच्या तीन शाखांत तीन तऱ्हेची एक्सेल होती आणि एकाच गिऱ्हाईकाचं नाव चार प्रकारे लिहिलेलं होतं. दीड महिन्याचं काम पाच महिने चाललं. त्यांनी मला फसवलं नाही, मीच काही विचारलं नव्हतं. म्हणून सांगते, ऑर्डर कोण लिहून घेतो, चुकली तर कोण दुरुस्त करतो, जुना डेटा कुठे आहे, महिनाअखेरीला कुठलं काम तुंबतं, हे मालकाला विचारू नको. काउंटरवरच्या बाईला विचार. आणि ही पाहणी दोन-तीन दिवसांची होणार असेल तर तिचेही पैसे घे. पाहणीचे पैसे द्यायला जो तयार नसतो, तो पुढच्या बिलालाही कुरकुर करतो, असा माझा अनुभव आहे.

आता तुझा दर. सेरंगून रोडवर आपण बांगड्या घेतल्या त्याची पावती आठव. सोन्याचं वजन आणि त्या दिवसाचा भाव एकीकडे, घडणावळ वेगळी. तुझ्या धंद्यात सोनं नाहीच, सगळी घडणावळ आहे. म्हणून ती नीट मोजायला हवी. नोकरीत महिन्याला ६,००० मिळत होते म्हणून त्याला २२ दिवसांनी भागून २७३ डॉलर रोज धरशील, तर वर्षभरात कर्जात जाशील. वर्षाचे ३६५ दिवस, त्यातून शनिवार-रविवारचे १०४ आणि सरकारी सुट्ट्या ११ गेल्या की राहिले २५०. आजारपण आणि पुण्याची फेरी धरून आणखी २० गेले. उरलेल्यातला तिसरा हिस्सा भेटीगाठी, अंदाजपत्रकं, वसुली आणि नवं शिकणं यांत जातो. बिल लावता येईल असे दिवस हाती येतात १५०. कमाई हवी वर्षाला ७२,०००, त्यावर नोकरीत मालक भरतो ते १७ टक्के सीपीएफ (भविष्यनिर्वाह निधी) म्हणजे १२,२४०, आणि लॅपटॉप, विमा, हिशेबनीस यांचे नऊएक हजार. सगळे मिळून साधारण ९३,०००. भागिले १५०, म्हणजे रोजचे ६२०. हा आकडा सांगताना तुला संकोच वाटेल. संकोच वाटला की ही बेरीज पुन्हा मांड.

दिवस किती लागतील हे ठरवताना तीन आकडे लिही: सगळं सुरळीत गेलं तर, नेहमीसारखं गेलं तर, आणि सगळं बिघडलं तर. समज २०, ३० आणि ७०. मधल्याची चौपट घेऊन त्यात बाकीचे दोन मिळव आणि सहाने भाग. उत्तर ३५ येतं, ३० नाही. ही रीत १९५८ च्या सुमारास अमेरिकी नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्राच्या कामातून आली. आपल्या गोदामाच्या सॉफ्टवेअरलाही ती तितकीच लागू पडते. ३५ गुणिले ६२०, म्हणजे २१,७००.

मग तोच आकडा त्यांच्या बाजूने तपास. रोज तीन तासांची दुबार नोंद वाचणार असेल, तासाला १५ डॉलर आणि वर्षाला ३०० दिवस धरले, तर त्यांचे १३,५०० वाचतात. १९ महिन्यांत पैसे वसूल, म्हणजे काम घ्यायला हरकत नाही. पण बचत वर्षाला चारच हजार निघाली, तर त्यांना स्पष्ट सांग की तयार सॉफ्टवेअर घ्या. तेवढं काम हातचं जाऊ दे.

घासाघीस झाली तर दर कमी करू नको, काम कमी कर. अहवालांची दोन पानं पुढच्या टप्प्यात टाक. महाराष्ट्र मंडळातल्या ओळखीचं काम असेल तर पूर्ण किंमत लिहून खाली सूट वेगळी दाखव, म्हणजे पुढच्या वेळी तीच सूट भाव होऊन बसत नाही.

कागदावर आणखी चार गोष्टी हव्यातच. आगाऊ ३० टक्के. त्यापुढचे हप्ते असे पाड की थकलेली रक्कम कधीही २०,००० च्या वर जाणार नाही, कारण इथल्या स्मॉल क्लेम्स ट्रायब्युनलची मर्यादा तेवढी आहे (दोघांची संमती असेल तर ३०,०००) आणि तिथे वकील लागत नाही. कोडची मालकी कुणाची, तेही लिही: तू नोकर नसल्यामुळे करारात वेगळं काही लिहिलं नसेल तर हक्क तुझ्याकडे राहतो, आणि त्यांना तो हवा असेल तर त्याची किंमत वेगळी. चौथं, हाती दिल्यानंतरची देखभाल, वर्षाला मूळ किमतीच्या १५ ते २० टक्के. जीएसटी मात्र लावू नको. नोंदणी होईपर्यंत ते नऊ टक्के घेण्याचा तुला हक्क नाही, आणि नोंदणी सक्तीची होते ती वर्षाची उलाढाल दहा लाख डॉलरच्या वर गेल्यावरच.

अंदाजपत्रकावर ३० दिवसांची मुदत घालायला विसरू नको. गोदामातून आलीस की आधी माझ्याकडे ये आणि काउंटरवरच्या बाईने काय काय सांगितलं ते मला वाचून दाखव.