गहू वर्ज्य असलेला रोगी आणि रुग्णालय

शस्त्रक्रियेसाठी रुग्णालयात जावयाचे ठरले म्हणजे घरातील मंडळी कपडे, पैसे आणि सोबतीला कोण राहणार यांची जुळवाजुळव करतात. रोग्याच्या जेवणाचा विचार बहुधा कोणी करीत नाही. ते रुग्णालय पाहून घेईल असे आपण गृहीत धरतो. परंतु ज्याला गहू जन्मभर वर्ज्य आहे अशा रोग्याच्या बाबतीत हे गृहीत धरणे किती महागात पडते, ते आम्ही आमच्याच घरी पाहिले.

या रोगाला सिलिअॅक रोग असे म्हणतात. विद्यार्थ्यांनी घरी एक लहानसा प्रयोग करून पाहावा. कणकेचा घट्ट गोळा करून तो पाण्याच्या बारीक धारेखाली चोळीत राहिले असता त्यातील पांढरे पिष्ट वाहून जाते व हातात एक चिवट, रबरासारखा गोळा उरतो. हेच ग्लूटेन. गहू, बार्ली व राय या धान्यांत ते असते. आपल्या लहान आतड्याच्या आतील बाजूस बोटांसारखे सूक्ष्म अंकुर असतात व अन्नरस त्यांतून शोषला जातो. सिलिअॅकच्या रोग्याने ग्लूटेन खाल्ले की त्याच्या शरीरातील संरक्षक शक्तीच उलटून या अंकुरांवर घाला घालते व ते झिजून सपाट होतात. मग पोटभर जेवूनही अंगी लागत नाही. यावर औषध नाही. पथ्य हाच उपाय. आणि पथ्य म्हणजे 'थोडेसे चालेल' असे नव्हे. दररोज केवळ ५० मिलिग्रॅम ग्लूटेन पोटात गेले तरी कालांतराने आतड्याला इजा होते असे दिसून आले आहे. पावाच्या एका कापात याच्या कितीतरी पट ग्लूटेन असते.

गव्हाचा हा दोष ओळखला तोही रुग्णालयातील मुलांच्या ताटाकडे बारकाईने पाहणाऱ्या एका डॉक्टरांनी. हॉलंडमधील बालरोगतज्ज्ञ विलेम कारेल डिके हे हेग येथे अशा मुलांवर उपचार करीत असत. महायुद्धापूर्वीच त्यांना गव्हाचा संशय आला होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात त्या देशात भीषण अन्नटंचाई होऊन पाव मिळेनासा झाला, तेव्हा त्यांचा संशय अधिकच बळावला. आणि १९५० साली त्यांनी आपल्या प्रबंधात तो निष्कर्ष मांडला.

आता आमच्या घरची हकीकत. आमची भाची सातवीत असताना पडली व तिच्या हाताचे हाड मोडले. घाईने शस्त्रक्रिया करून हाडाला धातूची पट्टी बसविण्यात आली. तिच्या रोगाची माहिती डॉक्टरांना दिली होती, त्यांनी ती केसपेपरवर लिहूनही घेतली होती. परंतु केसपेपर पलंगाशी राहतो आणि ताट स्वयंपाकघरातून येते! दुसऱ्या दिवशी सकाळी मऊ, गोड खीर आली. मुलीने विचारले, "मावशी, यात गहू आहे का?" वाढणाऱ्या बाई प्रेमाने म्हणाल्या, "गहू कुठला, बाय! हा रवा." भुकेल्या मुलीने ती खाल्ली. त्या रात्रीपासून वांत्या, पोटफुगी व जुलाब सुरू झाले. हे भुलीच्या औषधामुळे की अन्य कशामुळे, हे कळेपर्यंत दोन दिवस गेले व मुक्काम लांबला. त्या बाईंना आम्ही दोष देत नाही. रवा हा गहूच, हे आपल्यापैकी कितीजणांच्या चटकन ध्यानात येते?

ती पट्टी काढण्याची शस्त्रक्रिया पुढे ठरवून करावयाची होती; तेव्हा मात्र हाती वेळ होता. प्रथम, काही आठवडे आधी डॉक्टरांच्या सल्ल्याने रक्त तपासून घेतले. लोह ज्या भागात शोषले जाते तोच आतड्याचा आरंभीचा भाग या रोगात झिजतो. म्हणून रोग्याला पांडुरोग असण्याचा संभव असतो. कॅल्शियम व ड जीवनसत्त्वही कमी पडते. ही उणीव शस्त्रक्रियेआधी भरून काढता येते, नंतर ती जड जाते. भूल देणाऱ्या डॉक्टरांची भेट घेतली. शिरेतून दिल्या जाणाऱ्या सलाइन व ग्लुकोजमध्ये ग्लूटेन नसते. पोटात घ्यावयाच्या गोळ्यांतील पिष्ट मात्र कशाचे आहे ते औषधविक्रेत्याकडून जाणून घ्यावे लागते.

खरे काम होते स्वयंपाकघरात. 'ग्लूटेन' हा शब्द तेथे निरुपयोगी, हे आम्ही शिकलो होतो. म्हणून आम्ही कोंकणीत, मोठ्या अक्षरांत, पदार्थांची नावेच लिहून नेली. पोळी, पाव, बिस्किटे ही तर सर्वांना ठाऊक असतात. रवा, मैदा, शेवया, दलिया, माल्ट घातलेली शक्तिवर्धक पेये, मैद्याने दाट केलेले सूप आणि रव्यात घोळवून तळलेली मासळी ही ध्यानात राहत नाहीत. हिंगाचेही तसेच. बाजारातील बांधानी हिंगात पुष्कळदा गव्हाचे पीठ मिसळलेले असते. तो फोडणीच्या वरणात जातो, लोणच्यातही जातो. तव्यावर आधी पोळी भाजली असेल तर त्यावरची तांदळाची भाकरीही चालत नाही, आणि गव्हामागून गिरणीत दळलेले तांदळाचे पीठही नाही. एवढे ऐकून स्वयंपाकघराच्या प्रमुख बाई म्हणाल्या, "मग तुम्ही घरूनच आणा की!" त्यांचे म्हणणे रास्त होते. कित्येक रुग्णालयांत बाहेरचे अन्न चालत नाही, म्हणून तशी परवानगी आम्ही डॉक्टरांकडून आधीच लिहून घेतली.

शस्त्रक्रियेपूर्वी काही तास पोट रिकामे ठेवावयाचे असते. तो काळ सोपा. कठीण काळ त्यानंतरचा. भुलीच्या गुंगीतील रोगी 'यात काय आहे?' असे विचारू शकत नाही, पुढे येईल ते मुकाट्याने गिळतो. यास्तव पहिले दोन दिवस आमची बहीण किंवा आम्ही, कोणीतरी जाणते माणूस पलंगाशी सतत राहिले. डॉक्टरांनी तोंडाने घेण्यास परवानगी देताच घरची उकड्या तांदळाची पेज, नुसते मीठ घालून, दिली. पुढे मऊ भात, बिनहिंगाचे मुगाचे वरण, नाचणीचे सत्त्व व केळी.

तिसऱ्या दिवशी दुपारी शेजारच्या एक काकू सत्यनारायणाच्या प्रसादाचा शिरा घेऊन आल्या. प्रसादाला नको कसे म्हणावे, या विचारात आमची बहीण असतानाच पलीकडे ताटे गोळा करणाऱ्या बाई पुढे झाल्या आणि म्हणाल्या, "काकी, तो रवा आहे. या बायला चालत नाही." काकूंनी शिरा आमच्या हातावर ठेवला, आणि सोबत आणलेले प्रसादाचे केळे मुलीला दिले.