बहिणीचा वाटा : उक्ती आणि कृती

सूरह सफच्या दुसऱ्या व तिसऱ्या आयतीत, बोलणे आणि करणे यांतील अंतराबद्दल श्रद्धावंतांना जाब विचारला आहे. हे अंतर अल्लाहला अत्यंत अप्रिय आहे, असेही तेथे बजावले आहे. मग ते पडते तरी का?

अज्ञानामुळे, असे उत्तर सहज दिले जाते. परंतु मंठा तालुक्यात कपाशी, सोयाबीन पिकविणाऱ्या एखाद्या मुस्लिम शेतकऱ्याला विचारा, वारशात मुलीचा वाटा आहे का? तो 'आहे' असेच सांगेल. तरीही आपल्याकडे अनेक घरांत वडिलांच्या पश्चात बहिणीची हक्कसोडपत्रावर सही घेतली जाते आणि सातबाऱ्यावर केवळ भावांची नावे उरतात.

नमाज चुकली तर मोहल्ल्याला दिसते. वाटणी चुकली तर कोणी विचारीत नाही. शिवाय नमाजेला वेळ द्यावा लागतो, येथे जमीन द्यावी लागते. हुकूम उघड नाकारण्याचे धैर्य नसते, म्हणून आपण म्हणतो, 'तिने स्वखुशीने सोडले.' हक्क मागितला तर माहेर तुटेल, या भीतीने दिलेली संमती स्वखुशीची कशी?

हजरत सअद बिन रबीअ (रजि.) उहुदच्या युद्धात (३ हिजरी) शहीद झाले, तेव्हा त्यांची सारी मालमत्ता मुलींच्या चुलत्याने ताब्यात घेतली. त्यांच्या पत्नीने दोन मुलींसह प्रेषितांकडे (स.) तक्रार नेली. वारशाची आयत अवतरली. प्रेषितांनी (स.) चुलत्याला बोलावून मुलींना दोन तृतीयांश व पत्नीला एक अष्टमांश देण्यास सांगितले, उरलेले त्याचे. हुकूम आला आणि त्याच घरात लागू झाला.

हिशोब अवघड नाही. मृताचे दफन, कर्ज व वसीयत यांचा निपटारा झाल्यावर आठ एकर शेत उरले आणि वारस पत्नी, दोन मुलगे व तीन मुली असे असतील, तर पत्नीला एक एकर, प्रत्येक मुलाला दोन व प्रत्येक मुलीला एक एकर मिळेल.

उपाय हाच की वाटणी लांबवू नये. वर्षे गेली की शेत 'भावांचे' वाटू लागते. प्रथम बहिणीचा वाटा तिच्या नावावर व ताब्यात द्यावा. त्यानंतर तिने तो ठेवावा, विकावा किंवा भावाला भेट द्यावा. ती खरी स्वखुशी. भाऊ देण्यास तयार आहे की नाही, यावरूनच त्याच्या शब्दांची पारख होते.

अल्लाह आपणा सर्वांना जाणलेल्या सत्यावर अमल करण्याची तौफीक देवो. आमीन.