दारू न पिणाऱ्यांचं यकृत

यकृत बिघडलं म्हटलं की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो: "घेत होता का?" नायजेरियाच्या उत्तरेला, कानो शहरात, मी शेंगदाण्याच्या व्यापारात मालाचा दर्जा तपासायचं काम केलं. तिथे हा प्रश्न विचारायची सोयच नव्हती. आमच्या गोदामातला हमालांचा मुकादम पाच वेळा नमाज पढणारा, जन्मात दारूला न शिवलेला माणूस. चाळिशीही गाठली नव्हती. पोतं उजव्या खांद्यावर घ्यायची त्याची सवय. एके दिवशी तो डावा खांदा पुढे करू लागला. उजव्या बरगडीखाली दुखतंय म्हणाला. जवळच्या दवाखान्यातून मलेरिया आणि टायफॉइड, दोन्हींच्या गोळ्या मिळाल्या. तिकडे अशक्तपणा असो, अंगदुखी असो की मळमळ, निदान बहुधा याच जोडगोळीचं होतं. मग कुणीतरी मुळ्यांचा काढा आणून दिला. डोळे पिवळे होऊन पोटात पाणी साठेपर्यंत सोनोग्राफी कुणाला सुचली नाही. केली तेव्हा यकृतात मोठी गाठ निघाली. त्यानंतर तो फार दिवस काढू शकला नाही.

काढ्यावरून नाक मुरडायचं कारण नाही. कावीळ 'उतरवून' घ्यायला गावोगाव जाणारे आपल्याकडेही कमी नाहीत.

सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत यकृताचा कॅन्सर माणसाला ऐन चाळिशीत गाठतो आणि त्यामागे बहुतेक वेळा हिपॅटायटिस बीचा विषाणू असतो. नायजेरियात २०१८ साली घरोघरी जाऊन मोठं सर्वेक्षण झालं, मुख्यतः एचआयव्हीसाठी. त्यात १५ ते ६४ वयाच्या ८.१ टक्के लोकांच्या रक्तात हा विषाणू सापडला. साधारण बारा माणसांत एक. मोठेपणी लागण झाली तर शंभरातल्या पंचाण्णव जणांचं शरीर त्याला परतवून लावतं. पण जन्मताना आईकडून आला, तर दहातल्या नऊ बाळांत तो कायमचा मुक्काम ठोकतो आणि पुढची तीस-चाळीस वर्षं चूप बसतो. भूक लागते, पोती उचलता येतात, पोरंबाळं होतात. त्रास सुरू होतो तेव्हा करण्यासारखं फारसं उरलेलं नसतं. म्हणून लक्षणांची वाट पाहण्यात अर्थ नाही. तब्येत ठणठणीत असतानाच रक्त तपासून घ्यायला हवं.

उत्तर नायजेरियात अजूनही बरीच बाळंतपणं घरीच होतात. सुंता, चेहऱ्यावरच्या खुणा, शिंग लावून रक्त काढणं ही कामं वान्झामी करतो, म्हणजे हौसा समाजातला परंपरागत न्हावी. पातं दर वेळी नवं असेलच असं नाही, आणि हा विषाणू रक्तातूनही पसरतो. आम्ही परदेशी लोकही तिथल्या सलूनमध्ये बिनधास्त दाढीला बसायचो. स्वतःचं पातं सोबत ठेवावं, हा सल्ला कंपनीच्या डॉक्टरांनी सगळ्यांनाच दिला.

यकृताचा दुसरा वैरी माझ्या रोजच्या कामातला. शेंग भरताना पावसाने ओढ दिली, किंवा काढलेली शेंग नीट वाळलीच नाही, की तिला बुरशी धरते आणि ती अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करते. भाजून-उकडून ते पुरतं जात नाही. शिवाय ते पोत्यात सगळीकडे सारखं नसतं. ढीगभर स्वच्छ दाण्यांत मोजकेच दाणे विषाने भरलेले. त्यामुळे एका पोत्यात लोखंडी नळी खुपसून काढलेला नमुना हमखास फसवतो. आम्ही अनेक पोत्यांतले दाणे काढून एकत्र दळायचो, मग तपासायचो. हाताने निवडण्याला किंमत आहे तीही याचसाठी. गोदामाच्या पडवीत बायका ताटं घेऊन बसायच्या. सुरकुतलेला, काळपट, डाग पडलेला, फुटून आतून हिरवट झालेला दाणा दिसला की बोटाने बाजूला. युरोपात थेट खायच्या शेंगदाण्यांत किलोमागे ४ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त अफ्लाटॉक्सिन चालत नाही. तो आकडा निवडल्याशिवाय गाठताच येत नाही.

पण निवडून काढलेल्या ढिगाचं काय? तो कुणी फेकत नाही. स्वस्तात विकला जातो, त्याचं तेल निघतं आणि उरलेल्या पेंडीची कुलीकुली तळतात. कडक, तिखट कांड्या असतात, शाळेची पोरं येता-जाता खातात. तेल काढल्यावर विष बहुतांशी पेंडीतच राहतं. म्हणजे परदेशी गिऱ्हाइकासाठी आमची निवड जितकी चोख, तितका बाजूचा ढीग जास्त विषारी, आणि तो पोचणार गावातल्याच पोरांच्या पोटात. आयात करणारे देश आपल्या मर्यादेबद्दल काटेकोर असतात. नाकारलेल्या मालाचं पुढे काय होतं, हे कुणी विचारत नाही. हा माल खाण्याच्या बाजारात जाणं कायद्याने आणि धाकाने थांबायला हवं, असं माझं मत आहे. त्याआधीचा उपाय शेतात आहे. नायजेरियातल्याच इबादानच्या आंतरराष्ट्रीय शेती संस्थेने 'अफ्लासेफ' तयार केलं. विष न करणाऱ्या बुरशीचे दाणे पीक फुलोऱ्यावर यायच्या आधी शेतात टाकायचे. ती जागा अडवते आणि विषारी बुरशीला पाय रोवू देत नाही.

हे आफ्रिकेचं दुखणं म्हणून झटकायचं कारण नाही. १९७४ साली बांसवाडा आणि पंचमहाल भागातल्या आदिवासी गावांत बुरशी लागलेला मका खाऊन १०६ माणसं दगावली होती. आणि अंगात हिपॅटायटिस बी असताना पोटात अफ्लाटॉक्सिन जात राहिलं, तर कॅन्सरच्या धोक्याची बेरीज नव्हे, गुणाकार होतो.

मुकादम गेल्यावर कंपनीने सगळ्यांचं रक्त तपासून घेतलं. वजनकाट्यावरचा तरुण कारकून पॉझिटिव्ह आला. वरून निरोप आला, याला काढा, माल खाण्याचा आहे. डॉक्टर जाम भडकले. हा विषाणू एका ताटात जेवल्याने, हात मिळवल्याने, दाण्याला हात लावल्याने पसरत नाही. तो रक्तातून, शरीरसंबंधातून आणि आईकडून बाळाला जातो. पॉझिटिव्ह म्हणजे आजारी असंही नाही. त्यांनी ते लेखी दिलं, तेव्हा कुठे त्याची नोकरी वाचली. पुढच्या तपासण्यांत त्याचं यकृत चांगलं निघालं, म्हणून गोळ्या लगेच लागल्या नाहीत. दर सहा महिन्यांनी रक्त आणि सोनोग्राफी मात्र ठरली. गरज पडली तर टेनोफोविर असतं. रोज एक गोळी, बहुधा जन्मभर. विषाणू त्याने जात नाही, पण दबून राहतो.

त्याच्या बायकोचीही तपासणी झाली, तीही पॉझिटिव्ह होती आणि दिवस गेलेले. अशा बाळाला पहिल्या २४ तासांत लस मिळालीच पाहिजे. बाळ रात्री झालं. सकाळी नर्सबाई म्हणाल्या, लसीकरणाच्या दिवशी आणा, एका बाळासाठी दहा डोसांची कुपी कशी फोडू? नाव ठेवायचा सोहळा सातव्या दिवशी असतो, तोवर बाळ-बाळंतीण घराबाहेर कशाला पडतील? कारकुनाने तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टरांनी बाईंना समजावलं की ही कुपी उघडल्यावरही नीट थंड ठेवली तर २८ दिवस चालते. दुपारच्या आत लस टोचून झाली. बाकीचे डोस राहिले असते तरी चाललं असतं असं कुणी समजू नये. तेही वेळेवर घेतले.

आपल्याकडे बाळांना ही लस सरकारी कार्यक्रमात देशभर मिळू लागली ती २०११ च्या सुमारास. त्याआधी जन्मलेल्या, म्हणजे आज नोकरीसाठी बाहेर पडणाऱ्या बहुतेकांनी ती घेतलेली नसते. तिकडे निघालेले लोक मला फोन करून मलेरियाच्या गोळ्यांचं विचारतात. यलो फीव्हरचं कार्ड विमानतळावर बघतात म्हणून ते सगळे काढतात. हिपॅटायटिस बीचं कुणी विचारत नाही, म्हणून ते राहून जातं. आधी एचबीएसएजी ही साधी रक्ततपासणी करा. निगेटिव्ह असाल तर लस घ्या: आज, महिन्याने आणि सहा महिन्यांनी. पॉझिटिव्ह असाल तर घाबरून लपवू नका. २०१८ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात तपासणी आणि औषधं सरकारी केंद्रांवर मोफत मिळतात. घरच्यांचीही तपासणी करून घ्या. सहा महिन्यांचा हिशेब असल्याने तिकीट हातात पडल्यावर धावपळ करून तीन डोस बसत नाहीत. मुलाखतीला गेलात त्याच आठवड्यात पहिला घ्या. उरलेले बाकी राहिले तर नोंदीचा कागद सोबत न्या, कानोत किंवा लागोसमध्ये पुढचे डोस मिळतात.