गाणे कुणाचे, नाव कुणाचे?

शाहीर पोवाडा रचतो. शेवटी तो आपले नाव त्यात गुंफतो. अभंगाच्या शेवटीही संताचे नाव येते. ज्याने रचले, त्याचे नाव गाण्यातच बांधलेले असते.

पण गाणे तबकडीवर चढले, बाजारात विकू लागले, की नाव कागदावर जाऊन बसते. ज्याचे नाव कागदावर, पैसा त्याचा. तो कागद आपण पाहिलाच नाही तर? अमेरिकेतल्या एका नामांकित गवयाची हकिगत आम्ही या पाठात सांगतो. त्याचे नाव चक बेरी.

सुताराचा मुलगा

चकचा जन्म १८ ऑक्टोबर १९२६ रोजी सेंट लुईस शहरात झाला. बाप सुतारकाम करी. घर काळ्या वर्णाच्या लोकांचे. त्या काळी तिथे काळ्या मुलांची शाळा वेगळी आणि गोऱ्या मुलांची वेगळी.

चकला शाळेतच गाण्याचा नाद लागला. गिटार वाजवायला तो शिकला. गिटार म्हणजे सहा तारांचे वाद्य. ते अंगाशी धरून तारा छेडतात.

पण संगत वाईट लागली. साथीदारांबरोबर त्याने लुटालूट केली. १९४४ साली त्याला शिक्षा झाली. १९४७ साली तो सुटला. मग लग्न झाले. पोटासाठी त्याने मोटारीच्या कारखान्यात काम केले. केस कापण्या-विंचरण्याचा धंदाही शिकला. रात्री मात्र गिटार हातात असायची. १९५२ साल सरता सरता तो जॉनी जॉन्सनच्या ताफ्यात शिरला. जॉन्सन पियानो वाजवी.

काळ्या लोकांत ब्लूज नावाची गाणी होती. त्यांत सुखदुःख आळवलेले असे. गोऱ्या खेडुतांची गाणी निराळी. चकने दोन्हींचा मेळ घातला. वर ठेका दिला जलद. ऐकणाऱ्याचे पाय आपोआप हलू लागले. या संगीताला रॉक अँड रोल म्हणतात. ते घडवणाऱ्या पहिल्या गवयांत चक बेरीचे नाव घेतात.

पहिले गाणे, तीन नावे

१९५५ च्या मे महिन्यात चक शिकागो शहरी गेला. मडी वॉटर्स हा तिथला मोठा ब्लूज गवई. त्याने सांगितले, लिओनार्ड चेसकडे जा. चेसची तबकड्या काढणारी कंपनी होती. २१ मे रोजी तिथे चकचे ‘मेबलिन’ हे गाणे ध्वनिमुद्रित झाले. त्याची चाल एका जुन्या लोकगीतावरून सुचलेली होती. शब्द चकचे होते. गाणे देशभर गाजले.

आता पुढे ऐका. तबकडी विकली गेली की गाणे रचणाऱ्याला थोडा पैसा मिळतो. याला रॉयल्टी म्हणतात. चकला वाटले, ही रॉयल्टी आपल्या एकट्याची. पण तबकडी बाहेर आली तेव्हा कळले, रचणारे तीन दाखवलेत! दुसरे नाव अॅलन फ्रीड. हा रेडिओवर तबकड्या वाजवायचा. तिसरे नाव रस फ्रॅटो. हा कंपनीच्या मालकाच्या ओळखीचा. या दोघांनी गाणे रचले नव्हते. फ्रीडचे नाव घातले, तर तो गाणे जास्त वाजवील, असा हिशेब होता. म्हणजे कष्ट एकाचे आणि वाटेकरी तीन.

ही दोन नावे निघायला १९८६ साल उजाडले. एकतीस वर्षे गेली! मंडळी, चकला लिहिता-वाचता चांगले येत होते. पण वाचता येणे निराळे, आणि आपल्या व्यवहाराचा कागद वेळेवर पाहणे निराळे.

कागद टाळला, तरी गाठलेच

पुढे चक भलताच सावध झाला. मैफलीआधी पैसे हातात मोजून घेई, मगच गिटारीला हात लावी. लोक त्याला कटकट्या म्हणत. पण एकदा ठेच लागलेला माणूस तो!

मात्र याने सगळे प्रश्न सुटले नाहीत. सरकारचा आयकर त्याने चुकवला. १९७९ साली त्याबद्दल त्याला चार महिन्यांची कैद झाली. त्याआधीही एका अल्पवयीन मुलीच्या प्रकरणात तो १९६२-६३ मध्ये तुरुंगात होता. कला मोठी म्हणून माणसाचे सगळेच वागणे चांगले, असे आम्ही म्हणत नाही.

आणखी एक गोष्ट. तो पियानोवाला जॉन्सन आठवतो ना? २००० साली त्याने दावा लावला. म्हणाला, पुष्कळ गाणी आम्ही दोघांनी मिळून केली, पण नाव एकट्या चकचे लागले. २००२ साली कोर्टाने दावा काढून टाकला. कारण काय? फार वर्षे उलटून गेली होती. खरे-खोटे तपासायची वेळच आली नाही. ज्याचे गाणे दुसऱ्यांनी वाटून घेतले, त्याच्यावरच दुसऱ्याने बोट ठेवले. जगाचा व्यवहार असा गुंतागुंतीचा असतो.

आकाशात गेलेले गाणे

१९५८ साली चकचे ‘जॉनी बी. गुड’ हे गाणे आले. त्यातला मुलगा खेड्यातला, गरीब. लिहिणे-वाचणे बेताचेच, पण गिटारीत पटाईत.

१९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर नावाची दोन याने आकाशात सोडली. प्रत्येकात सोन्याचा मुलामा दिलेली एक तबकडी आहे. तिच्यावर जगातले निवडक संगीत आहे. त्यात चकचे हे गाणे आहे. आणि त्याच तबकडीवर गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई केरकरांची भैरवीही आहे! चक १८ मार्च २०१७ रोजी वारला. याने अजून दूर दूर चालली आहेत.

आपल्या देशातही १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे. २०१२ साली तो सुधारला. गीतकार आणि संगीतकार यांचा रॉयल्टीवरचा हक्क त्यामुळे बळकट झाला. पण कायदा असला तरी कागद आपणच पाहायचा असतो. गाण्याचा असो, जमिनीचा असो, की कर्जाचा असो. अंगठा उठवण्याआधी, सही करण्याआधी विचारा: यात नावे कुणाकुणाची आहेत? कळले नाही तर पुन्हा वाचा. तरीही कळले नाही तर जाणत्याला विचारा. त्यात लाज कसली?

शब्दांचे अर्थ

तबकडी – गाणे साठवलेली चकती, रेकॉर्ड
ध्वनिमुद्रित करणे – आवाज यंत्राने टिपून ठेवणे
वाटेकरी – हिस्सा घेणारा
अल्पवयीन – कायद्याने सज्ञान नसलेले

विचार करा

१. ‘मेबलिन’ गाण्यावर तीन नावे का आली?
२. जॉन्सनचा दावा कोर्टाने का काढून टाकला?
३. तुमच्या घरातला एक महत्त्वाचा कागद काढा. त्यावर कुणाकुणाची नावे आहेत, ते मोठ्याने वाचा.