दोन्ही अंगांनी सारखी नक्षी

प्रश्न : भोजनाच्या लिनन रुमालांवर जुन्या इंग्रजी धर्तीची काळी नक्षी भरली, उलट बाजू विद्रूप दिसते. उपाय सुचवावा.

उत्तर : हान्स होल्बाइनने १५३६-३७ च्या सुमारास रंगविलेल्या राणी जेन सीमोरच्या चित्रातील मनगटाजवळची नक्षी ज्या टाक्याची, तो दुहेरी धावदोरा आपण वापरावा : जाताना कापडाचे तीन-तीन धागे मोजून एकाआड एक टाका घालावा आणि परतताना त्याच छिद्रांतून सुई काढीत रिकाम्या जागा भराव्यात, म्हणजे उभयपक्षी रेषा अखंड उमटते. धारवाडकडील कशिद्यात इरकली लुगड्यांवर हाच टाका ‘गवंती’ म्हणून रूढ आहे. गाठ मुळीच मारू नये. टोक टाक्यांखाली दडवावे. लोहयुक्त काळ्या रंगाने जुन्या कामांतील रेशीम कुजले आहे, सबब दोरा पक्क्या रंगाचाच घ्यावा आणि कोमट पाण्यात भिजवून त्याची आधी खातरजमा करावी.