कानावर घातले म्हणजे तक्रार झाली नाही

कामाच्या ठिकाणी होणाऱ्या स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा ९ डिसेंबर २०१३ पासून लागू आहे. कार्यालयांत तो ‘पॉश’ याच नावाने ओळखला जातो. त्याचे मूळ राजस्थानातल्या भटेरी गावात आहे. बालविवाह रोखू पाहणाऱ्या भंवरीदेवी या साथिनीवर, म्हणजे गावपातळीवरच्या सरकारी कार्यकर्तीवर, १९९२ मध्ये सामूहिक बलात्कार झाला. सरकारी कामापायी ओढवलेल्या या अत्याचारानंतर महिला संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि १३ ऑगस्ट १९९७ रोजी ‘विशाखा’ निकाल आला. त्यातल्या मार्गदर्शक सूचनांचा कायदा व्हायला आणखी सोळा वर्षे लागली.

नको असलेला स्पर्श, लैंगिक सुखाची मागणी, लैंगिक छटा असलेले शेरे, अश्लील चित्रे दाखवणे आणि अशा स्वरूपाचे इतर कोणतेही नकोसे वर्तन कायद्याच्या व्याख्येत येते. ते वर्तन कार्यालयाच्या चार भिंतींतच घडले पाहिजे असे नाही. कामानिमित्त केलेला दौरा आणि मालकाने दिलेली गाडी हीसुद्धा कामाचीच ठिकाणे. इथवरची माहिती बहुतेकांना असते. माहीत नसते ते कलम ९. तक्रार लेखी हवी आणि प्रसंग घडल्यापासून तीन महिन्यांत हवी. प्रसंगांची मालिका असेल तर शेवटच्या प्रसंगापासून ही मुदत मोजतात. विलंबाचे कारण पटले तर तक्रारींची चौकशी करणारी कार्यालयातली समिती ते लेखी नोंदवून आणखी तीन महिने देऊ शकते. त्यापुढे एक दिवसही नाही.

प्रस्तुत लेखिकेला हे कलम कळले ते सातव्या महिन्यात. वरिष्ठांचे रात्री अकरानंतरचे मेसेज, साडीवरचे शेरे, ‘थांब, मी सोडतो’ हा रोजचा आग्रह; हे सारे तिने एचआरच्या मॅडमच्या कानावर घातले, तेही चहा पिताना. ‘बघते मी, आधी अप्रेझल होऊन जाऊ दे,’ असे उत्तर आले आणि तक्रार झाली असे समजून ती निर्धास्त झाली. मोबाइल मुलाच्या हाती पडतो म्हणून मेसेजही पुसून टाकले. अप्रेझलमध्ये सर्वांत खालची श्रेणी मिळाली, मागोमाग दुसऱ्या शाखेत बदली झाली, तेव्हा कुठे तिने अर्ज लिहिला. समितीने तो मुदतबाह्य ठरवला. चहावरच्या त्या बोलण्याची कुठेही नोंद नव्हती.

खालची श्रेणी आणि बदली हा त्याच छळाचा पुढचा भाग आहे, असा युक्तिवाद तिने केला. तो सहजी टिकत नाही. कोलकात्याच्या विधी विद्यापीठाच्या कुलगुरूंविरुद्धच्या प्रकरणात शेवटचा प्रसंग एप्रिल २०२३चा आणि तक्रार डिसेंबर २०२३ची होती. नंतरची प्रशासकीय कारवाई म्हणजे लैंगिक छळाची मालिका नव्हे, असे ठरवून सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये तक्रार मुदतबाह्यच मानली. निकालाचा उल्लेख कुलगुरूंनी आपल्या बायोडेटात करावा, असेही न्यायालयाने सांगितले. तक्रारदार बाईंना त्यातून काय मिळाले, हे ज्याने-त्याने ठरवावे. नोकरीतल्या नुकसानीची धमकी लैंगिक वर्तनाशी जोडलेली असेल तर कलम ३ तिला छळच मानते. पण हा धागा तक्रारदाराने दाखवावा लागतो, आणि त्यासाठीही कागद लागतो.

म्हणून पहिल्याच दिवशी तारीख, वेळ, जागा आणि जवळपास कोण होते हे लिहून ठेवावे. मेसेज पुसू नयेत. तारीख दिसेल असे स्क्रीनशॉट घ्यावेत. अर्ज समितीकडे सहा प्रतींत, साक्षीदारांच्या नावांसह द्यावा आणि पोच घ्यावी. स्वतः लिहिणे शक्य नसेल तर लिहायला मदत करणे हे समितीचे कर्तव्य आहे. चौकशी चालू असताना बदली किंवा तीन महिन्यांपर्यंतची रजा मागता येते. ही रजा हक्काच्या रजेतून कापली जात नाही. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याने तक्रारदाराचा गोपनीय अहवाल लिहू नये, अशीही मागणी करता येते. लेखिकेने वेळेत अर्ज दिला असता तर अप्रेझलची ती श्रेणी दुसऱ्या कोणी लिहिली असती. पोलिसांची वाट वेगळी आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७५ खाली गुन्हा नोंदवायला तीन महिन्यांची ही अट नाही.

दहा किंवा अधिक माणसे काम करतात तिथे अंतर्गत समिती नेमणे मालकावर बंधनकारक आहे. अध्यक्षपदी वरिष्ठ महिला, निम्म्याहून कमी नाहीत इतक्या स्त्रिया आणि बाहेरची एक व्यक्ती, अशी तिची रचना असते. दहापेक्षा कमी माणसे असतील किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जावे लागते. चौकशी नव्वद दिवसांत संपवायची, अहवाल दहा दिवसांत द्यायचा आणि मालकाने साठ दिवसांत कारवाई करायची. समिती न नेमणाऱ्या मालकाला पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड होतो.

घाईही नडते. गोवा विद्यापीठातल्या एका प्रकरणात आरोप असलेल्याला बाजू मांडायला पुरेशी संधी न देता चौकशी उरकली गेली, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने १२ मे २०२३ रोजी बडतर्फीची कारवाई रद्द करून प्रकरण पुन्हा समितीकडे पाठवले. चौदा वर्षांपूर्वीची तक्रार पुन्हा चौकशीच्या टप्प्यावर आली. मालकांनी हे ध्यानात ठेवावे: धड न केलेली चौकशी दोघांनाही न्याय देत नाही.

खोटी तक्रार केली तर कारवाई होते, ही भीती स्त्रियांना हमखास घातली जाते. आरोप सिद्ध झाला नाही एवढ्यावरून तक्रार खोटी ठरत नाही, असे कलम १४ स्पष्ट सांगते. तिथे दुष्ट हेतू सिद्ध व्हावा लागतो.

समिती नेमल्याचा आदेश सहज दिसेल अशा जागी लावणे हे कलम १९ नुसार मालकाचे काम आहे. तो कागद आपल्या कार्यालयात कुठे लावला आहे आणि त्यावरच्या सदस्य अजून नोकरीत आहेत का, हे वाचकांनी उद्याच पाहून घ्यावे.