बरगडी मोडली, श्वास मोडू देऊ नका

पावसाळ्यात वळणावर स्कूटर घसरली आणि उजव्या बाजूच्या चार बरगड्या मोडल्या. वय साठी ओलांडलेलं. हात मोडला तर गळ्यात बांधता येतो. छातीला मात्र मिनिटाला बारा ते वीस वेळा हलावंच लागतं. म्हणून या दुखण्याची रीतच वेगळी. रुग्णालयात आणि नंतर घरी जे पदरात पडलं, ते क्रमाने सांगतो.

१. एक्स-रे स्वच्छ आला म्हणून निर्धास्त होऊ नका.
माझ्या पहिल्या फिल्मवर दोनच बरगड्या मोडलेल्या दिसल्या, बाकीच्या दोन सीटी स्कॅनमध्ये सापडल्या. साध्या एक्स-रेत असे कितीतरी तडे निसटतात. डॉक्टर त्यात मुख्यतः फुप्फुसाभोवती हवा किंवा रक्त साठलंय का ते बघतात. मार खालच्या बरगड्यांना असेल, तर यकृत, प्लीहा आणि मूत्रपिंडही तपासावं लागतं. ‘मुका मार आहे, शेकलं की जाईल’ म्हणत घरी बसण्यात अर्थ नाही.

२. छातीला पट्टा आवळू नका.
भेटायला येणारा प्रत्येकजण पट्टा सुचवतो, कुणी हाडवैद्याचा पत्ताही देतो. पूर्वी डॉक्टरही छाती बांधून ठेवत. ती पद्धत मागे पडली, कारण आवळलेली छाती नीट फुगत नाही, फुप्फुसाचा खालचा भाग मिटतो, तिथे कफ साचतो आणि न्यूमोनियाला वाट मिळते. बरगडीला आजूबाजूचे स्नायू आणि शेजारच्या बरगड्या धरून ठेवतात. बहुतेक वेळा ती तेवढ्यावरच जुळते.

३. दुखणं सोसण्यात मर्दुमकी नाही.
दुखतं म्हणून माणूस वरवर श्वास घेतो, खोकला दाबतो आणि तिथूनच बिघडायला सुरुवात होते. वेदनाशामक गोळ्या कळ उठायची वाट न बघता घड्याळाप्रमाणे घ्यायच्या, पण कोणत्या घ्यायच्या ते डॉक्टरांनीच ठरवावं. पॅरासिटामॉल बहुतेकांना चालतं. दाह कमी करणाऱ्या गोळ्या मूत्रपिंडाला आणि जठराला त्रास देऊ शकतात. जोरकस औषधांनी बद्धकोष्ठ होतो, आणि मोडक्या बरगड्यांनी कुंथणं काय असतं ते सांगायला नको! त्याचं औषधही सोबतच मागून घ्या. गोळ्यांनी भागलं नाही, तर भूलतज्ज्ञ पाठीत इंजेक्शन देऊन त्या भागातल्या नसा बधिर करतात. मला ते दिल्यावर पहिल्यांदा छातीभर श्वास घेता आला.

४. तीन गोळ्यांचं यंत्र हेच खरं औषध.
श्वासाच्या व्यायामाचं हे यंत्र, म्हणजे स्पायरोमीटर, हातात आलं की आपण फुंकायला लागतो. फिजिओथेरपीवाली मुलगी रोज बजावायची, ‘काका, फुंकायचं नाही, ओढायचं!’ हळू, लांब श्वास आत घेऊन गोळ्या वर धरायच्या. जागेपणी दर तासाला दहाएक वेळा. खोकताना उशी दुखऱ्या बाजूला घट्ट धरायची. त्याने कळ बरीच कमी होते आणि कफ सुटतो.

५. अंथरूण धरू नका.
खुर्चीत बसा, घरातल्या घरात फिरा. रात्री पाठीशी उशांची चळत लावून अर्धवट बसल्यासारखं झोपा. उठताना सरळ झटक्यात उठू नका. आधी कुशीवर वळा, पाय खाली सोडा, मग हातांच्या रेट्याने उठा.

६. वय आणि मोडलेल्या बरगड्यांची संख्या, दोन्ही मोजा.
तरुण माणूस एखादी बरगडी मोडली तर घरीच बरा होतो. म्हाताऱ्यांचं तसं नाही. अमेरिकेतल्या सिॲटलमध्ये झालेला एक अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. त्यात ६५ वर्षांवरच्या रुग्णांमध्ये मोडलेल्या प्रत्येक जादा बरगडीमागे मृत्यूचा धोका १९ टक्क्यांनी आणि न्यूमोनियाचा २७ टक्क्यांनी वाढलेला आढळला. म्हणून वयस्कर माणसाच्या तीन-चार बरगड्या मोडल्या, की डॉक्टर त्याला दाखल करून घेतात. ‘बसता-बोलता येतंय, मग कशाला?’ असा वाद घालू नका. शस्त्रक्रिया थोड्यांनाच लागते. सलग तीन किंवा अधिक बरगड्या दोन-दोन ठिकाणी मोडल्या, तर छातीचा तेवढा भाग सुटा होतो आणि श्वास घेताना उलटा आत ओढला जातो. अशा वेळी टायटॅनियमच्या पट्ट्या बसवण्याचा विचार होतो.

७. सहा आठवडे धरा, वर थोडी सवलत ठेवा.
हाड साधारण सहा आठवड्यांत जुळतं. शिंक, जांभई, हसू यांची कळ काहींना तीन महिने किंवा त्याहूनही जास्त पुरते. तोवर भरलेली बादली, सिलिंडर आणि खड्ड्यांतली दुचाकी यांना रामराम. विडी-सिगारेट पूर्ण बंद, कारण धूर हाडालाही आणि फुप्फुसालाही नडतो. आणि बरगडी साध्या धक्क्याने किंवा नुसत्या खोकल्याने मोडली असेल, तर हाडांची घनता तपासून घ्याच.

शेवटचं, पण सगळ्यात महत्त्वाचं. ताप आला, धाप वाढत गेली, कफ पिवळा-हिरवा किंवा रक्ताळलेला पडला, पोटात दुखून चक्कर आली, तर सकाळ व्हायची वाट बघू नका. त्याच रात्री रुग्णालय गाठा.